ट्रॉली उतरवण्याआधी दोन कागद मागा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शहराच्या सांडपाणी केंद्रातला काळा गाळ ट्रॉलीने बांधावर येतो. फुकट मिळतो म्हणून आपण घेतो. तो रानात टाकावा की नाही, एवढ्यावरच आज बोलायचे आहे.

सोनखत आपल्याला नवे नाही. गाळात नत्र आहे, स्फुरद आहे, सेंद्रिय कर्ब आहे. म्हणून आम्ही कृषी पदवीधरांनीच एके ठिकाणी तो टाकायला सांगितला. पहिल्या पावसानंतर त्या रानात कोणी न लावलेली टोमॅटोची रोपे उगवली. आम्ही हसलो. मग ध्यानात आले, हे बी माणसाच्या पोटातून, गटारातून, केंद्रातून जिवंत आले आहे. बी जगते, तशी जंताची अंडीही जगतात. आणि त्या रानात अनवाणी खुरपायला बसतात त्या आपल्या मायबहिणी. ती चूक आमची होती.

जंताची अंडी उष्णतेने मरतात. शहरात अन्न गरम करायला मायक्रोवेव्ह वापरतात, तेच तंत्र गाळाला लावता येते. त्याच्या लहरी गाळातल्या पाण्याच्या कणांना हलवतात आणि गाळ आतूनच तापतो. नेदरलँडमधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी मैल्याच्या गाळावर असे प्रयोग केले. काही मिनिटांत रोगजंतू निकामी झाले.

आता खर्चाचा हिशेब करू. एक टन ओला गाळ २५ अंशांवरून ७० अंशांवर न्यायला ५० युनिट उष्णता लागते. यंत्रात वीज वाया जाते, म्हणजे मीटरवर ७५-८० युनिट पडणार. वाळवायचा म्हटला, तर त्यातले ८०० लिटर पाणी उडवायला ५०० युनिटही पुरत नाहीत. हे बिल कोणी भरायचे? मैला शहराचा, बिलही शहराचे.

वीज परवडत नसेल तर दुसरे मार्ग आहेत. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमात लांब ढीग ५५ अंशांवर १५ दिवस ठेवून पाच वेळा उलथायला सांगितले आहे. अहमदाबादेत २०१९ साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने गॅमा किरणांचे केंद्र उभे राहिले. त्याची क्षमता रोज १०० टन सुक्या गाळाची. म्हणजे 'जमत नाही' ही सबब चालणार नाही.

पण एक गोष्ट नीट ऐका. मायक्रोवेव्ह असो, ढीग असो की किरण असोत, त्यांनी मरते ते जिवंत असलेले. कॅडमियम, शिसे, क्रोमियम मरत नाहीत. कारखान्याचे पाणी गटारात मिसळले की हे धातू गाळात उतरतात, तिथून जमिनीत जातात आणि पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तापवलेला गाळ म्हणजे निर्धोक गाळ, असे कोणी सांगितले तर ते अर्धेच खरे आहे.

म्हणून ट्रॉली आली की दोन कागद मागा. एक, रोगजंतू आणि जंताची अंडी तपासल्याचा. दुसरा, धातू तपासल्याचा. दोन्ही त्याच गाळाचे, ताज्या तारखेचे. वाहतुकीचा पैसा देऊ नका. कागद नसेल तर पालेभाजी, मुळा, गाजर सोडाच, कोणत्याच रानात तो उतरवू देऊ नका.

गाळ आपल्याला हवा आहे. शहराची घाण उपकार म्हणून नको, तपासलेले खत म्हणून हवे. गावोगाव एवढे सांगा.