'ऊर्जादाता' या शब्दात कोण मावतं?



या संमेलनासाठी राहुरीला येताना वाटेत उसाची टायरगाडी लागली. मोळ्यांवर एक बाई बसली होती. मांडीवर झोपलेलं मूल, शेजारी विकायला बांधलेली वाढ्यांची पेंढी. आता त्या उसाची नुसती साखर होत नाही. इथेनॉल होतं आणि ते पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. शेतकऱ्याला आपण अन्नदाता म्हणत होतो, आता 'ऊर्जादाता' म्हणू लागलो. शब्द हे आपल्या लिहिणाऱ्यांचं काम आहे, म्हणून आज या एका शब्दाबद्दल बोलतो.

ऊस लावणाऱ्याशी माझं भांडण नाही. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, पण कालव्याच्या पाण्यावरचा शेतकरी सावकाराच्या दारातून सुटला नव्हता. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने लोणीत सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा त्याला स्वतःचं काही मिळालं. इथेनॉलच्या पैशातून थकलेली ऊसबिलं निघाली, हेही मी पाहिलं आहे.

पण पाण्याचं काय? नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात साखरेपासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे 2,860 लिटर पाणी लागतं असं लिहिलं आहे. मोटारसायकलमध्ये दहा लिटर पेट्रोल भरलं आणि त्यातलं इथेनॉल उसाचं असलं, तर दोन लिटरमागे 5,720 लिटर झाले. टंचाईत आमच्या पाथर्डीकडे टँकरचं पाणी माणशी 20 लिटर धरतात. म्हणजे 286 माणसांचं एका दिवसाचं पाणी. पाऊस ओढ देतो तेव्हा मुळा-भंडारदऱ्याचं पाणी जायकवाडीला सोडण्यावरून नगर आणि मराठवाडा समोरासमोर उभे राहतात. त्या भांडणात उसाचं नाव मोठ्याने कुणी घेत नाही. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ते घेतलं. पडलेला पाऊस मोजला, ताळेबंद मांडला आणि ऊस लावायचा नाही असं गावाने ठरवलं.

2023 साली पाऊस कमी झाला. साखर कमी पडेल म्हणून 7 डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवडाभरात ती थोडी सैल केली. ताट आणि टाकी एकाच वावरातून भरायची, तर असंच होणार. पुढे इथेनॉलसाठी भर मक्यावर गेला, तसा कोंबड्यांच्या खाद्याचा मका महागला आणि देशाला मका बाहेरून आणावा लागला.

आता त्या गाडीवरच्या बाईकडे येतो. मी पाथर्डी तालुक्यात शिक्षक होतो. दिवाळीनंतर हजेरीपटावर नावांपुढे लाल शाईने 'कारखान्यावर' असं लिहायचो. एका वर्षी अर्धं पान लाल झालं होतं. आईबाप मुकादमाची उचल घेऊन गेलेले असायचे, आणि उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाचा. नवराबायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात. एकटं माणूस 'अर्धा कोयता'. दोन जिवांना एका हत्याराच्या नावाने मोजणारा हा शब्द आपल्या मराठीत आहे. खाडा झाला की दंड, म्हणून पाळीचं दुखणंसुद्धा परवडत नाही. 2019 साली शेजारच्या बीड जिल्ह्यात सरकारी समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. इथेनॉलने परकीय चलन किती वाचलं हे दरवर्षी सांगितलं जातं. त्या बेरजेत हा आकडा धरलेला मी कधी पाहिला नाही.

आयोजकांना माझी एक विनंती आहे. आपलं संमेलन ऐन हंगामात भरतं. ज्यांच्याबद्दल मी बोललो, ती माणसं या घडीला फडात आहेत. पुढचं संमेलन पाडव्यानंतर घ्या, टोळ्या गावी परतल्यावर. आणि पहिल्या सत्रात बोलायला कोयता धरणाऱ्या बाईला बोलवा. अध्यक्षाच्या वेळेतला अर्धा वेळ तिला द्या.