डास चावले असतील, एवढंच?



गोवा मुक्त होण्याआधी सीमेवरच्या आमच्या कॅसलरॉक स्टेशनावर प्रवाशांचं सामान उघडून बघितलं जाई. पुढे झडती माणसांचीच झाली: त्याच गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा यांना एचआयव्ही आहे एवढ्यावरून ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने असा भेदभाव आज बेकायदेशीर ठरतो. तरीही अंगावरचे डाग बघून बाकावरून उठून जाणारी माणसं आहेत. म्हणूनच ऐन उन्हाळ्यात कोणी पूर्ण बाह्या घालून, बाहीचं टोक मनगटावर ओढत बाजाराला येतं.

कॅसलरॉकच्या या घाटात पावसाळा लागला की डास आणि जळवा पाठ सोडत नाहीत. हातापायावर पुटकुळ्या उठल्या की आपण म्हणतो, 'डास चावले असतील.' ते बहुधा खरंही असतं. युगांडात अशी खाजरी पुरळ असलेल्या १०२ एचआयव्हीबाधितांच्या त्वचेचा तुकडा काढून तपासला. ८६ जणांत कीटकदंशाच्याच खुणा निघाल्या. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. चावा साधाच, पण प्रतिकारशक्ती ढासळलेलं शरीर त्यावर नको तितकं उसळतं. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, जितका खाली, तितकी पुरळ जोरात. म्हणजे महिनोन्‌महिने न हटणारी, खाजवून काळे डाग ठेवणारी पुरळ दिसली आणि आपण डॉक्टर, समुपदेशक, आशाताईंनी मलम देऊन घरी पाठवलं, तर एचआयव्हीची तपासणी हुकली असं समजा.

या पुरळीवर खरा उतारा एआरटीचा, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्यांचाच. गोळ्या नियमित सुरू राहिल्या की काही महिन्यांत ती बहुतेकांची ओसरते. सुरुवातीला क्वचित वाढते, तेव्हा घाबरून गोळ्या बंद करू नयेत. मात्र नवीन औषधानंतर पुरळीबरोबर ताप आला, तोंड आलं, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. खरूज असेल तर परमेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. एकालाच लावलं तर ती पुन्हा घरात फिरते. आणि नायट्यावर दुकानातून मागून आणलेलं स्टिरॉइडचं मलम कृपा करून थांबवा. त्याने नायटा दबल्यासारखा दिसतो आणि पसरत जातो.

रात्र रात्र खाजवत जागणाऱ्या माणसाला आपण फक्त 'गोळ्या घेता ना?' एवढंच विचारतो, याचं मला फार वाईट वाटतं. झोप लागते का, हेही विचारा. बाही वर करायला सांगा, पण पडद्याआड. मच्छरदाणी आहे का, अंघोळीनंतर अंगाला खोबरेल लावता का, हे विचारायला दोन मिनिटं पुरतात. हे प्रश्न आपल्या भेटीच्या नोंदवहीत आजपासून यावेत, असा प्रस्ताव मी स्वागत समितीतर्फे मांडतो आणि चर्चेसाठी तो अध्यक्षांच्या हाती देतो.