बरे झाल्यानंतरची वर्षे



१९७४ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी अंडकोषाच्या कर्करोगावर सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमयुक्त औषध आणखी दोन औषधांच्या जोडीने दिले. तोवर अंगभर पसरलेल्या या आजारातून फार थोडे वाचत. आज अंडकोषाच्या कर्करोगाचे सर्व टप्प्यांतले रुग्ण धरले, तर दहातले नऊहून अधिक बरे होतात. त्यांतले बरेचसे विशी-तिशीतले. म्हणजे पुढे चाळीस-पन्नास वर्षे काढायची असतात.

या औषधातल्या प्लॅटिनमचा अंश वीस वर्षांनंतरही रक्तात सापडतो. काहींच्या कानात सतत गुणगुण राहते, तळपायांना मुंग्या येतात, गारठ्यात बोटे पांढरी पडतात. अशा वेळी घरचे म्हणतात, “जीव वाचला ना, मग एवढ्यातेवढ्याचं काय?” मला हे मुळीच पटत नाही. ज्याला चार माणसांत बसल्यावर बोलणे नीट ऐकू येत नाही, शर्टाचे बटण लावता येत नाही, त्याने तक्रार का करू नये? एक अंडकोष काढल्यावर उरलेल्या अंडकोषात पुरेसे टेस्टोस्टेरॉन तयार झाले नाही, तर थकवा येतो, मन उदास होते, कामेच्छा मंदावते. साध्या रक्ततपासणीत हे कळते, त्यावर उपचारही आहेत. पण रुग्ण लाजतो आणि डॉक्टर घाईत असतात.

सर्वांत अवघड जाते ते मुलाबाळांविषयी बोलणे. केमोथेरपीने शुक्रजंतू कमी होतात, कधी कायमचे. म्हणून ती सुरू होण्याआधीच वीर्य गोठवून ठेवता येते. परंतु लग्न न झालेला मुलगा आईवडिलांना घेऊन समोर बसलेला असताना हा विषय काढायचा कुणी? डॉक्टरांनी त्याला एकट्याला बोलावून विचारलेच पाहिजे.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांच्यावर १९९६ साली याच कर्करोगासाठी उपचार झाले, तेव्हा फुफ्फुसांना अपाय करू शकणारे ब्लिओमायसिन मुद्दाम टाळून दुसरे औषध दिले गेले.  रुग्णाला कोणते काम करून जगायचे आहे, हा विचार तिथे आधी झाला. आपल्याकडच्या शिंप्यासाठी, सनईवाल्यासाठीही तो व्हावा.

उपचार झालेल्यांनी औषधांची नावे आणि मात्रा लिहिलेला कागद जपून ठेवावा. दरवर्षी रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासावे, कारण हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो. ब्लिओमायसिन घेतले असेल, तर पुढे कोणतीही शस्त्रक्रिया करताना भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो कागद आधी दाखवावा. जादा ऑक्सिजनने अशा फुफ्फुसांना इजा होऊ शकते.