विजेच्या बिलातला कोळसा



आयोजकांनी मला सांगितलं, "तू नेमकं काय करतेस ते सोप्या भाषेत सांग." माझी आई शेजारणींना 'कॉम्प्युटरचं काम' एवढंच सांगते, आणि ते खोटंही नाही. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते ते कंपन्यांची वीजबिलं वाचतं आणि त्या विजेपायी किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला याचा आकडा काढतं.

हा आकडा आता हौसेचा राहिलेला नाही. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून तो जाहीर करणं बंधनकारक केलं आहे. कंपनीच्या स्वतःच्या बॉयलरचा आणि डिझेलचा धूर म्हणजे स्कोप १, विकत घेतलेल्या विजेचा स्कोप २. गणित सातवीचं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रिडचा गुणांक देतं. २०२२-२३ साठी तो एका युनिटमागे ०.७१६ किलो होता. घरी महिन्याला २०० युनिट लागत असतील तर १४३ किलो झाले. महावितरणच्या बिलावर वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो, ही ओळ मात्र नसते. युरोपात वीज कुठल्या इंधनापासून आली हे पुरवठादाराला ग्राहकाला सांगावं लागतं.

आपण वणीची माणसं. आपल्या खाणींचा कोळसा नदीपलीकडे चंद्रपूरसारख्या केंद्रांत जळतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. वीज पुण्या-मुंबईला, धूळ आपल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. त्या धुळीचा रकाना स्कोप २ मध्ये नाही, तो वेगळा विषय.

खरी गंमत पुढे आहे. समजा, पुण्यातली एखादी कंपनी ग्रिडचीच वीज वापरते आणि वर्षाअखेरीस तेवढ्या युनिटांची हरित प्रमाणपत्रं विकत घेते. एका प्रमाणपत्राचे १००० युनिट. मग ती म्हणते, आमचा स्कोप २ शून्य. ज्या आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉलवर हा सगळा हिशेब चालतो, त्याची २०१५ ची मार्गदर्शिका सांगते की अशा वेळी दोन आकडे द्या: ग्रिडच्या गुणांकाने येणारा आणि प्रमाणपत्रं धरून येणारा. सेबीच्या तक्त्यात स्कोप २ ला जागा एकाच आकड्याची आहे. कोणता भरला, हे वाचणाऱ्याला तळटीप शोधून कळतं, तळटीप असली तर.

प्रमाणपत्रं थोतांड आहेत असं मी म्हणत नाही. त्यातून सौर प्रकल्पाला पैसा मिळतो. अडचण वेळेची आहे, आणि ती इथं बसलेल्या शेतकऱ्यांना माझ्या ऑफिसातल्या लोकांपेक्षा लवकर समजेल. चन्याला ओलीत करायला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन वावरात जाणाऱ्याला विचारा, दिवसाची लाईन आणि रात्रीची लाईन एकच का? दुपारचं युनिट सूर्याचं असू शकतं. रात्रीच्या युनिटात कोळसाच जास्त. वार्षिक हिशेब मात्र दोन्ही एकाच मापाने मोजतो. दुपारी राजस्थानात तयार झालेली सौर वीज पुण्यातल्या रात्रपाळीच्या खात्यात टाकतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या प्रोटोकॉलवाल्यांनी प्रमाणपत्र आणि वापर तासागणिक जुळवण्याचा प्रस्ताव मांडून लोकांच्या सूचना मागवल्या. उद्योगांचं म्हणणं, हे फार किचकट आहे. लहान कारखान्यासाठी ते खरं आहे, त्यांना माझ्या मते सूट द्यावी. मोठ्यांचं मला पटत नाही. आपलं ग्रिड १५-१५ मिनिटांच्या हिशेबावर चालतं, मोठ्या ग्राहकांचे मीटरही तशी नोंद ठेवतात. नोंद आहे, ती जुळवायचा नियम नाही. आणि असा नियम आला तर माझं काम वाढेल, तेव्हा ही मागणी मी सोयीसाठी करत नाही, हे लक्षात घ्या!

आपल्या बॅचमध्ये सीए आहेत, बँकेतले आहेत, महावितरणमधले आहेत, आणि शेअर तर बऱ्याच जणांकडे आहेत. तुमच्या कंपनीचा अहवाल उघडा, तत्त्व ६ खाली स्कोप २ ची ओळ शोधा. तिथं शून्य दिसलं, की प्रमाणपत्रं बाजूला ठेवून किती, एवढं लेखी विचारा. ज्यांना ती ओळ सापडणार नाही त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे या, मोबाईलवर दाखवते. लाईन गेली तरी चालेल, फोन चार्ज करून आणलाय.