मशीद स्टेशनची मशीद

कर्जत-सीएसएमटी लोकलमध्ये आयुष्याचे किती तास गेले, याचा हिशोब मी कधीच सोडलाय. आमची फास्ट मशीद स्टेशनला थांबत नाही, म्हणून त्या नावाकडे कधी लक्षही गेलं नव्हतं. असेल एखादी मोठी मशीद, असं वाटायचं. पण हे नाव ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून पडलं असं सांगतात. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते उभारलं. बेने इस्रायली लोक त्याला मशीदच म्हणायचे.

दिवेकर, पेणकर, किहीमकर... आडनावं बघा, अगदी आपली. हे लोक शतकानुशतकं इथल्या किनारपट्टीच्या गावांत राहिले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आपल्या खालापूरच्या एका अंगाला पनवेल, दुसऱ्या अंगाला पेण. दोन्ही गावांत त्यांचं सिनेगॉग आहे.

आता खरी गोष्ट. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, १८२९ मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन. बायबल मराठीत छापायचं, शाळा काढायच्या, लोकांना ख्रिस्ती करायचं. हेतू काही लपवलेला नव्हता. आणि इथे त्यांना भेटले कोण, तर मराठी बोलणारे ज्यू! शनिवार पाळणारे, सुंता करणारे, 'शमा' ही प्रार्थना पाठ असणारे, पण हिब्रू जवळजवळ विसरलेले. मिशनरींना वाटलं असणार, अर्धं काम झालेलंच आहे.

विल्सनसाहेबांनी १८३२ मध्ये चक्क मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. बेने इस्रायली मुलं मिशनच्या शाळांत गेली, काही जण तिथे शिक्षकही झाले. ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात, त्यातले अब्राहाम, योसेफ, मोशे आता मराठीत वाचायला मिळाले. पण ही तर त्यांच्याच घरातली माणसं! ख्रिस्ती फार थोडे झाले. बाकीच्यांनी व्याकरण घेतलं, पुस्तक घेतलं आणि आपला धर्म आणखी नीट पाळायला लागले. कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांचाही त्यात मोठा हात होता, सगळं श्रेय मिशनला देऊ नका.

आमच्या भाषेत सांगायचं तर कोड घेतला, पण अटी नाही घेतल्या.

पुढे तर त्यांनी कीर्तनं सुरू केली. हरिदासी थाटात, साकी-दिंडीसकट, आणि आख्यान योसेफाचं! हे वाचलं तेव्हा मी गाडीत एकटाच हसत होतो.

हे सांगतोय कारण आपल्या ग्रुपवर दर महिन्याला एक फॉरवर्ड येतो: अमक्या पाड्यावर कोणी पुस्तकं वाटली, आता सगळे बाटणार. त्याखाली शंभर मेसेज, पण ज्यांनी पुस्तक घेतलं त्यांचा एकही नाही. घेणाऱ्यालाही डोकं असतं ना राव! तो त्यातलं काय ठेवतो, काय सोडतो, हे त्याला कोणी विचारतच नाही. मीही त्या ग्रुपवर गप्पच होतो, हे कबूल करतो.

असो. पुढच्या वेळी स्लो मिळाली तर मशीदला उतरा आणि सॅम्युएल स्ट्रीट विचारा. फक्त शनिवारी नका जाऊ, त्या दिवशी त्यांची प्रार्थना असते.