मुक्या रुग्णांची परिचर्या

चेंबूरच्या एखाद्या इमारतीत राहणारी, पस्तिशी ओलांडलेली एक गृहिणी कल्पनेत आणावी. बारा वर्षे ती हार्बरच्या गाडीने फोर्टातील कचेरीत जाते आणि हिशेबाच्या वह्या सांभाळते. पगार बरा आहे. घराचे हप्ते त्यातूनच जातात. एके दिवशी घरचे मांजर आजारी पडते. तीन रात्री ती त्याच्या उशाशी बसते, वेळेवर औषध देते, आणि ते बरे झाल्यावर तिच्या मनात येते की, हेच काम आपण जन्मभर का करू नये? सासूबाई विचारतात, “अगं, माणसांचं करायचं सोडून आता मांजरांचं करणार का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि त्या गृहिणीचा विचारही नाही. मुंबईत मुक्या प्राण्यांच्या शुश्रूषेची परंपरा जुनी आहे. प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था येथे १८७४ साली स्थापन झाली. पुढील दशकात परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले, आणि त्याच्याच शेजारी १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी रुग्ण बहुतेक घोडे आणि बैल असत, कारण शहराची वाहतूकच त्यांच्या खांद्यावर होती. आज ती जागा कुत्र्या-मांजरांनी घेतली आहे. २०२४ साली महालक्ष्मी येथे लहान प्राण्यांसाठी टाटा न्यासाचे पाच मजली रुग्णालय उघडले, यावरून काळाची दिशा कळते.

परंतु काम वाढले म्हणजे त्या कामाला पदवी आणि दर्जा मिळालाच, असे नव्हे. इंग्लंडात प्राण्यांच्या परिचारिकांना रीतसर शिक्षण व परीक्षा देण्याची योजना १९६१ साली सुरू झाली. आपल्याकडे १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. रोगनिदान, औषधयोजना व शस्त्रक्रिया हा नोंदणीकृत पशुवैद्याचा अधिकार होय. राज्य सरकारने परवानगी दिलेल्या पदविका वा प्रमाणपत्रधारकांना पशुवैद्याच्या देखरेखीखाली लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी यांसारखी किरकोळ कामे करता येतात. हे शिक्षण मुख्यतः गाई-म्हशींच्या सेवेसाठी आखलेले आहे. शहरातील खासगी दवाखान्यांत काम करणारे मदतनीस बहुधा हाताखाली राहूनच शिकतात. स्वतः पशुवैद्य व्हावे म्हटले, तर बारावीला जीवशास्त्र हवे, प्रवेशपरीक्षा हवी आणि पुढे साडेपाच वर्षे हवीत. वाणिज्य शाखेच्या पदवीधर गृहिणीला तो मार्ग जवळजवळ नव्यानेच चालावा लागेल.

मग या परिचर्येत असते तरी काय? पिंजरे धुणे, घाण काढणे, हत्यारे निर्जंतुक करणे आणि भेदरलेल्या कुत्र्याला डॉक्टर तपासीत असताना न दुखावता धरून ठेवणे. शस्त्रक्रियेनंतर गुंगी उतरेपर्यंत श्वास मोजीत बसणे हेही त्यातच आले. कुत्र्याच्या अंगाची उष्णता १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असली तर ते निरोगी आहे. माणसाला तोच ताप ठरतो. मांजर दुखणे लपविते; वेदना सांगण्याऐवजी ते कोपऱ्यात जाऊन बसते. बोका वारंवार कुंथत असून लघवी होत नसेल, तर उद्याची वाट पाहता येत नाही. काही तासांत त्याच्या जिवावर बेतू शकते. रुग्ण बोलत नाही म्हणून येथे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सारी भिस्त असते. प्राण्यांवर प्रेम असणे ही या कामाची सुरुवात आहे, पात्रता नव्हे. पात्रता आहे ती बारकाईने पाहण्याची, पाहिलेले वेळेसह लिहून ठेवण्याची आणि मालकाच्या अश्रूंसमोर स्वतः न ढळण्याची. हिशेबाच्या वह्यांत बारा वर्षे घालविलेल्या स्त्रीपाशी यांतील दुसरा गुण आधीच असतो, ही गोष्ट ती स्वतःही विसरते.

धोकेही उघड आहेत. चावे आणि ओरखडे चुकत नाहीत. म्हणून रेबीजची प्रतिबंधक लस काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावी. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने लेप्टोस्पायरोसिसची साथ पाहिली आहे. जनावरांच्या मूत्रातून पसरणारा हा रोग हातमोज्यांचे महत्त्व शिकवितो. याहून जड असतो तो मरणाचा प्रसंग. बरे न होणाऱ्या प्राण्याला वेदनेतून सोडविण्याचा निर्णय झाला की, त्याला शेवटी धरणारे हात परिचारकाचेच असतात.

तेव्हा त्या गृहिणीने राजीनामा लिहिण्यापूर्वी एक करावे. कुर्ल्याला गाडी बदलली की परळ दूर नाही. घराजवळही दवाखाने आहेत. परवानगी मिळेल तेथे सहा महिने दर रविवारी विनावेतन काम करावे. तेथल्या मदतनिसांना पगार किती आणि रात्रपाळी किती, हे संकोच न करता विचारावे आणि तो आकडा घराच्या हप्त्याशेजारी मांडावा. आणि सहा महिन्यांनंतर, परक्याच्या अनोळखी, चावऱ्या, दुर्गंधी येणाऱ्या जनावरापाशीही आपला हात तितकाच हळुवार राहतो का, हे स्वतःला विचारावे. घरच्या मांजरासाठी रात्र जागणे हे प्रेम आहे. परक्याच्या जनावरासाठी जागणे हा पेशा आहे. उत्तर होकारार्थी आले, तर सासूबाईंच्या प्रश्नालाही उत्तर मिळाले असे समजावे. नकारार्थी आले, तरी नोकरी शाबूत असते, आणि घरचे मांजर तर वाट पाहतच असते.