पोरांच्या हातात सवाल द्या

(वस्तीतल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'शाळकरी मुलं, थोर विचार आणि समाजसेवा'. विषय गुळगुळीत आहे. कुठल्याही साहेबी क्लबात चहा-बिस्किटांसोबत खपेल असा. मी तो आपल्या वस्तीतून मांडतो. सहावी, सातवी, आठवीतली आपली पोरं. वय अकरा ते चौदा. ह्यांना विचार कोण देणार आणि सेवा म्हणजे काय ते कोण सांगणार? आपण नाही सांगितलं तर सांगणारे दुसरे टपून बसलेत.

हेच वय का? लहान पोर सांगितलेलं ऐकतं. सोळाव्या वर्षी ते कामाला लागतं, नाहीतर नाक्यावर उभं राहतं. मधल्या दोन-तीन वर्षांत त्याला पहिल्यांदा 'असं का?' हा प्रश्न पडतो. हजेरी घेताना आपल्या आडनावाशी आवाज का बदलतो, हे ह्याच वयात कळायला लागतं. आणखी एक. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं, निदान बाराव्या वर्षापर्यंत तरी. देशभरासाठी तसा कायदा झाला २००९ साली, सहा ते चौदा वयासाठी. म्हणजे आठवीपर्यंत डोक्यावर कायद्याचं छप्पर आहे. पुढे ऊन. पोर छपराखाली आहे तोवरच त्याला गाठलं पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पोरांना थोर विचार झेपतात का? झेपतात. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजाची पोर शिकत होती. तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली 'ज्ञानोदय'नं तो छापला. ज्यांना धर्मग्रंथ वाचायचीच बंदी, त्यांचा धर्म कोणता, असा सरळ सवाल त्या शाळकरी पोरीनं पंडितांच्या तोंडावर फेकला. तिच्यासाठी कोणी मूल्यशिक्षणाचा तास ठेवला नव्हता. तिला अक्षर दिलं होतं आणि विचारायची मुभा दिली होती. बस्स.

आणि आपण काय देतो? १४ एप्रिलला पोरांच्या कपाळाला निळी पट्टी बांधतो, डीजेपुढे नाचवतो, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायला लावतो. मी नाचाच्या विरोधात नाही. ज्यांची वरात गावानं अडवली त्यांनी जरूर नाचावं. पण मिरवणूक संपल्यावर त्या पोराच्या डोक्यात काय उरतं? बाबासाहेबांचे खंड सरकार १९७९ पासून काढतंय. विहाराच्या कपाटात ते आहेत. कपाटाला कुलूप आहे. किल्ली अध्यक्षांकडे आहे. आणि अध्यक्ष निवडणुकीच्या गडबडीत आहेत!

मी दर रविवारी वस्तीत दोन तास वर्ग घेतो. तिथं महाड कसं शिकवतो ते सांगतो. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. मग प्रत्यक्ष पाणी कधी प्यायलं? २० मार्च १९२७. आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं कधी लागला? १९३७. पोरांना म्हणतो, करा वजाबाकी. चौदा वर्षं. एक पोरगी म्हणाली, "दादा, तो ठराव माझ्यापेक्षा मोठा झाला की!" दुसऱ्यानं विचारलं, "कागदावर खुलं होतं, तर पाय कोणी अडवले?" दोस्तांनो, हा सवाल ज्याला पडला त्याला राज्यशास्त्राचा निम्मा अभ्यास झाला समजा.

मग पोरांना गल्लीतल्या नळावर पाठवलं. पाणी किती वाजता येतं, किती वेळ राहतं, रांगेत कोण असतं, वहीत मांडा. वहीत बाया होत्या, पोरी होत्या. बाप एकही नव्हता. समता हा शब्द त्यांच्या पाठ्यपुस्तकात उद्देशिकेत छापलेलाच आहे. पण पोरांना तो नळावर सापडला, आणि सापडला तो आपल्याच घरावर बोट दाखवत. थोर विचार असा असतो. तो आधी आपल्यालाच टोचतो.

आता सेवा. ह्या शब्दानं माझ्या अंगावर काटा येतो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडून सेवाच करून घेतली. मेलेली ढोरं ओढा, गावकीचा सांगावा पोचवा, बदल्यात वतनाचा तुकडा आणि शिळी भाकर. ही वतनं कायद्यानं रद्द केली ती १९५८ साली. मी सातवीत असताना शाळेत श्रमदान असायचं. वर्ग सगळेच झाडायचे. मुतारी धुवायला मात्र आमच्या चौघांचीच नावं. सर म्हणायचे, "तुम्हाला सवय आहे." घटनेच्या कलम १७ नं अस्पृश्यता रद्द केली, कलम २३ नं वेठबिगार बंद केली. दोन्ही कलमं त्या मुतारीच्या दाराशी थांबली होती.

म्हणून पोरांना मी एकच माप देतो. जे काम सगळ्यांना पाळीनं येतं ती सेवा. जे आडनाव बघून येतं ती वेठ. गाडगेबाबांनी झाडू घेतला तो आपण होऊन. दिवसा गाव झाडलं आणि रात्री कीर्तनात सवाल विचारून गावाची डोकी झाडली. झाडूबरोबर सवाल होता. आम्हाला शाळेनं नुसता झाडू दिला.

आमच्या वर्गात झाडायला पाळी आहे, पोरग्यांनाही. बाकी सेवा म्हणजे म्हाताऱ्यांना आलेली नोटीस वाचून दाखवणं, रेशनचा अर्ज लिहून देणं, तिसरी-चौथीतल्या पोरांचा अभ्यास घेणं. ज्याचं अक्षर वस्तीच्या कामाला आलं, ते पोर शाळा सहजासहजी सोडत नाही.

पण ह्याची किंमत पडते. एकदा आम्ही २०१३ चा कायदा वाचला. हातानं मैला उचलायला लावणं गुन्हा, आणि गटार साफ करणाऱ्याला संरक्षणाची साधनं देणं मालकावर बंधनकारक. एका पोराचा बाप गटारसफाईच्या ठेक्यावर. पोरानं घरी विचारलं, "पप्पा, तुम्हाला हातमोजे का देत नाहीत?" बापानं तेच ठेकेदाराला विचारलं. दोन दिवस त्याला कामावर घेतलं नाही. पोराची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "दादा, असलं शिकवू नका. चूल विझते."

तिला काय भाषण देणार? आम्ही चार कार्यकर्ते ठेकेदाराच्या दारात जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी बाप कामावर गेला. हातमोजे अजून मिळाले नाहीत. लढाई चालू आहे. पोर वर्गाला येतंय. आईनंच पाठवलंय.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. पोराच्या हातात सवाल द्यायचा तर त्याच्या पाठीशी संघटना पाहिजे. नुसता विचार देऊन आपण घरी झोपलो, तर मार त्या पोराच्या घराला बसतो. इथं तुम्ही सगळे बसलाय. प्रत्येकानं दहा पोरं घ्या. रविवारचे दोन तास द्या. विहाराच्या कपाटाची किल्ली मागा. मिळाली नाही तर का नाही, ते पोरांसमोर विचारा. आणि ज्या दिवशी पोरं तुम्हालाच उलटा सवाल करतील, त्या दिवशी चिडू नका. वर्ग चालू झाला असं समजा.

जय भीम.